औषधाची चिठ्ठी आणि कंपनीची वही

श्रोते हो, तालुक्याच्या गावी दवाखान्याच्या बाकावर बसून आपला नंबर यायची वाट पाहताना तुम्ही समोरच्या भिंतीकडे पाहिले असेल. भिंतीवर कॅलेंडर असते आणि देवाच्या चित्राखाली एखाद्या गोळीचे नाव छापलेले असते. डॉक्टरांच्या हातातल्या पेनावर दुसऱ्या गोळीचे नाव, घड्याळाच्या तबकडीवर तिसरीचे. आपण आत जाऊन खोकला किती दिवसांचा ते सांगत असतो, एवढ्यात दार लोटून एक तरुण डोकावतो. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टाय, हातात काळी बॅग. तो आजारी नसतो. डॉक्टर त्याला हातानेच ‘थांबा’ म्हणतात, आणि आपण बाहेर पडतो न पडतो तोच तो आत जातो. त्याला कुणी नंबर विचारत नाही.

हा औषध कंपनीचा प्रतिनिधी. सगळे त्याला ‘एम्.आर.’ म्हणतात. बिचारा पोटासाठी उन्हातान्हात गावोगाव हिंडतो. त्याच्याविषयी माझे काही म्हणणे नाही. कॅलेंडरविषयीही नाही, ते असून असून कितीचे असणार! पण कॅलेंडरपासून सुरू होणारी ही देवघेव कुठपर्यंत जाते, आणि ती ज्याच्या खिशातून शेवटी भागते त्या रोग्याला ती कळावी की नाही, हा प्रश्न मात्र मोठा आहे. अमेरिकेने या प्रश्नाशी पन्नास वर्षे झटापट केली आणि शेवटी त्यावर एक कायदा केला. ती हकीकत आज तुम्हांला सांगायची आहे, कारण तिच्यात आपल्याला ओळखीचे वाटेल असे बरेच काही आहे.

आधी या धंद्याची एक गंमत ध्यानात घ्या. खताची पिशवी घ्यायची तर तुम्ही दोन दुकाने हिंडता, भाव काढता, शेजाऱ्याचा अनुभव विचारता. औषधाचे तसे नाही. निवड करतात डॉक्टर, पैसे मोजतो आपण. निवडणाऱ्याला पैसे मोजायचे नसतात आणि मोजणाऱ्याला निवडता येत नाही. अमेरिकेच्या सिनेटमध्ये टेनेसी राज्याचे एस्टेस केफॉव्हर नावाचे सभासद होते, त्यांनी ही गोष्ट नेमकी हेरली होती. कंपनीला गिऱ्हाइकाची मनधरणी करण्याची गरजच नाही. चिठ्ठी लिहिणारा हात आपल्या बाजूला वळवला की झाले.

केफॉव्हर मक्तेदारीची चौकशी करणाऱ्या उपसमितीचे अध्यक्ष होते. डिसेंबर १९५९ मध्ये त्यांनी औषध कंपन्यांच्या बड्या अधिकाऱ्यांना समितीपुढे बोलावले. पहिल्याच दिवसांत प्रेडनिसोलोन या सांधेदुखीवरच्या गोळीचा हिशेब निघाला. जी गोळी कंपनीला सुमारे दीड सेंटला पडत होती ती औषधविक्रेत्याला जवळजवळ अठरा सेंटला दिली जात होती. मग बावीस मोठ्या कंपन्यांचा १९५८ सालचा जमाखर्च समितीने मांडला. तो आपल्या जुन्या आण्यांत फार सोपा होतो पहा. विक्रीच्या दर रुपयातले सुमारे चार आणे औषध खपवण्यावर खर्च होत होते आणि संशोधनावर एक आणा. जाहिराती, प्रतिनिधींचे पगार, फुकट नमुने हे सगळे त्या चार आण्यांत आले, आणि त्यांचा रोख एकाच माणसाकडे होता, तो म्हणजे चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर.

याच चौकशीत एक प्रकरण असे निघाले की ऐकणारे चाट पडले. अमेरिकेत औषधांवर देखरेख करणारे सरकारी खाते आहे. त्याच्या अँटिबायॉटिक विभागाचे प्रमुख होते हेन्री वेल्श. कोणते अँटिबायॉटिक बाजारात येऊ द्यायचे हे ज्यांच्या हाती, तेच गृहस्थ अँटिबायॉटिकांवरची दोन वैद्यकीय नियतकालिके संपादित करीत होते. त्या नियतकालिकांत जाहिराती कुणाच्या? औषध कंपन्यांच्या. त्यांतल्या लेखांच्या जादा प्रती हजारांनी विकत घेऊन डॉक्टरांना वाटणारे कोण? पुन्हा कंपन्याच. या उत्पन्नात वेल्श यांचा वाटा होता, आणि १९५३ ते १९६० या काळात तो २ लाख ८७ हजार डॉलरच्या घरात गेला. १९५६ साली एका परिषदेत त्यांनी भाषण केले, त्यात औषधांच्या ‘तिसऱ्या युगा’चा उल्लेख होता. हे शब्द एका कंपनीच्या माणसाने भाषणाच्या मसुद्यात घातलेले होते आणि त्याच कंपनीच्या नव्या औषधाच्या जाहिरातीत ते झळकत होते. वेल्श १९६० साली राजीनामा देऊन गेले.

एवढे उघडकीला आल्यावर देण्याघेण्याच्या नोंदीचा कायदा तिथल्या तिथे व्हायला हवा होता, असे तुम्हांला वाटेल. तो झाला नाही. केफॉव्हरांचे विधेयक समित्यांच्या चाळणीतून जाता जाता बरेच बारीक झाले होते. इतक्यात थॅलिडोमाइड या औषधाने युरोपात हजारो मुले व्यंग घेऊन जन्माला आल्याची बातमी येऊन थडकली आणि विधेयकाला पुन्हा जोर आला. १० ऑक्टोबर १९६२ रोजी अध्यक्ष केनेडींनी त्यावर सही केली. औषध गुणकारी असल्याचा पुरावा द्यावा लागेल, जाहिरातीत दुष्परिणाम छापावे लागतील, अशी मोलाची कलमे त्यात आली. कोणत्या डॉक्टरला कंपनीने काय दिले याबद्दल त्यात एक अक्षर नव्हते.

पुढची तीस वर्षे देणी वाढतच गेली. परिषदेच्या निमित्ताने समुद्रकाठच्या हॉटेलात मुक्काम, भाषणाचे मानधन, सल्ल्याची फी. १९९० मध्ये सिनेटने यावर पुन्हा सुनावणी घेतली. त्याच सुमारास तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने आपल्या सभासदांसाठी नियम केले की भारी किमतीच्या भेटी घेऊ नयेत. नियम चांगले होते; ते पाळायचे की नाही हे ज्याच्या त्याच्यावर होते.

आता मिनेसोटा या राज्याची गोष्ट ऐका. ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

मिनेसोटा हे अमेरिकेच्या उत्तरेचे, कॅनडाला लागून असलेले, थंडीचे राज्य. तिथे १९९३ साली कायदा झाला की कंपनीने एका डॉक्टरला वर्षात पन्नास डॉलरहून जास्त किमतीच्या भेटी द्यायच्या नाहीत. व्याख्यानाचे किंवा सल्ल्याचे पैसे द्यायला मुभा होती, पण ते कुणाला आणि किती दिले याचा कागद दरसाल राज्याच्या औषध मंडळाकडे पाठवायचा. कागद सर्वांना पाहायला खुले. कायदा वाचला तर यात उणे काय काढणार? कंपन्या कागद पाठवीत होत्या, मंडळ ते ठेवून घेत होते. पण ते ठेवले होते नुसते कागद म्हणूनच. पाहायचे तर मंडळाच्या कचेरीत जायचे, एकेक फॉर्म काढायचा, त्याची छायाप्रत करायची, आणि मग घरी बसून नावे जुळवायची. यादी नव्हती, बेरीज नव्हती. दोन दिवसांची मजुरी बुडवून कोणता रोगी ते करायला जाणार? वर्षांमागून वर्षे गेली. नोंद होती आणि कुणाला काही ठाऊक नव्हते.

आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना यात नवल वाटणार नाही. बाजारात व्यापारी आणि अडत्या रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून भाव ठरवीत, त्या वेळी मालाचा धनी तिथेच समोर उभा असे. व्यवहार त्याच्या डोळ्यांदेखत चाले आणि त्याला दिसत नसे. उघड लिलाव आला तेव्हा पहिला फरक एवढाच झाला की आकडा मोठ्याने म्हटला जाऊ लागला.

मिनेसोटाचे आकडे २००७ मध्ये मोठ्याने म्हटले गेले. काही संशोधकांनी आणि ‘न्यू यॉर्क टाइम्स’च्या बातमीदारांनी ते कागद खणून काढले आणि संगणकात भरले. मग मुलांना मनोविकारावरची नव्या धर्तीची महाग औषधे किती दिली जातात याच्या नोंदींशी बातमीदारांनी ते ताडून पाहिले. ही औषधे करणाऱ्या कंपन्यांकडून ज्या मानसोपचारतज्ज्ञांनी २००० ते २००५ या काळात पाच हजार डॉलर किंवा अधिक घेतले होते, त्यांनी ही औषधे मुलांना इतरांच्या तिप्पट लिहून दिलेली आढळली. इथे शिक्षक मंडळी लगेच हात वर करतील, आणि तो करायलाच हवा. पैसे मिळाले म्हणून औषध लिहिले, की आधीपासून लिहीत होते म्हणून कंपनीने त्यांनाच व्याख्यानाला बोलावले? या आकड्यांवरून तेवढे ठरत नाही. पण कागद फडताळात पडून राहिले असते तर हा प्रश्नसुद्धा कुणाला विचारता आला नसता.

त्याच काळात आयोवा राज्याचे सिनेटर चार्ल्स ग्रासली यांनी एक साधी युक्ती केली. आयोवा म्हणजे मक्याचा मुलूख आणि हे गृहस्थ स्वतः शेतकरी. त्यांनी विद्यापीठांना पत्रे लिहिली की तुमच्या प्राध्यापक-डॉक्टरांनी बाहेरच्या कमाईची जी माहिती तुम्हांला दिली आहे ती पाठवा. मग कंपन्यांना लिहिले की या लोकांना तुम्ही काय दिले ते कळवा. आणि दोन्ही वह्या शेजारी शेजारी उघडून ठेवल्या. गावच्या सोसायटीचा हिशेबतपासनीस हेच तर करतो.

वह्या जुळेनात. अटलांटाच्या एमरी विद्यापीठातले एक नामांकित मानसोपचारतज्ज्ञ होते. त्यांनी २००० ते २००७ मध्ये कंपन्यांकडून २८ लाख डॉलर कमावले होते आणि त्यांपैकी निदान १२ लाख विद्यापीठाला कळवले नव्हते, असे ग्रासलींच्या तपासात २००८ मध्ये निघाले. २००४ साली त्यांनी विद्यापीठाला लिहून दिले होते की एका ठराविक कंपनीकडून मी वर्षाला दहा हजार डॉलरपेक्षा कमीच घेईन. त्या वर्षी त्यांनी त्या कंपनीकडून घेतले कबूल केल्याच्या सतरापट. लेखी कबुलीवर ज्या दिवसाची तारीख आहे, त्याच दिवशी ते दूरच्या एका हॉटेलात त्याच कंपनीचे मानधन कमावीत होते! या माणसाच्या लेखांवर आणि व्याख्यानांवर देशभरचे डॉक्टर विसंबत होते, हे यातले खरे दुखणे.

विस्कॉन्सिनचे सिनेटर हर्ब कोल आणि ग्रासली, एक डेमोक्रॅटिक पक्षाचे आणि एक रिपब्लिकन, यांनी मिळून २००७ साली नोंदीचे विधेयक मांडले होते. नावात ‘सनशाइन’ म्हणजे ऊन हा शब्द घातला. ओलसर खोलीचे दार उघडून ऊन आत घ्यावे, ही कल्पना. पहिल्या खेपेला ते अडले. पुढे मार्च २०१० मध्ये आरोग्यविम्याच्या मोठ्या कायद्यात एक कलम म्हणून ते मंजूर झाले. मिनेसोटाचा धडा त्यांनी घेतला होता. कंपनीने डॉक्टरला दिलेले दहा डॉलरवरचे प्रत्येक देणे कळवायचे. लहान देण्यांची वर्षाची बेरीज शंभर डॉलरच्या वर गेली तर तीही. या मर्यादा पुढे महागाईप्रमाणे थोड्या थोड्या वाढत गेल्या. देणे कशासाठी होते तेही लिहायचे: जेवण, प्रवास, व्याख्यान, सल्ला की संशोधन. आणि मुख्य म्हणजे हे सगळे सरकारने इंटरनेटवर अशा रीतीने मांडायचे की कुणीही डॉक्टरांचे नाव टाकावे आणि पाहावे. छापण्याआधी डॉक्टरांना आपली नोंद तपासून हरकत घ्यायला ४५ दिवस मिळतात.

पहिली यादी ३० सप्टेंबर २०१४ रोजी लोकांपुढे आली. २०१३ च्या शेवटच्या पाच महिन्यांचीच ती होती. त्यात ४४ लाख नोंदी, सुमारे साडेतीनशे कोटी डॉलर आणि ५ लाख ४६ हजार डॉक्टर. सुरुवातीला गोंधळ पुष्कळ झाला. एकाच्या नावावर दुसऱ्याचे पैसे, कित्येक नोंदींवर नावेच झाकलेली. डॉक्टरही रागावले, आणि त्यांच्या रागात तथ्य होते. कर्करोगावरच्या नव्या औषधाची चाचणी घेणारा डॉक्टर संशोधनासाठी कंपनीचे पैसे घेतो. ते परिचारिकांच्या पगारावर आणि तपासण्यांवर खर्च होतात. यादीत मात्र तो एकदम लक्षाधीश दिसतो. म्हणून संशोधनाचा रकाना वेगळा ठेवला आहे. पाहणाऱ्याने रकाना न पाहता नुसता आकडा पाहिला तर तो भल्या माणसावर अन्याय करील.

या यादीने सर्वांत मोठे काय दाखवले म्हणाल, तर लहान गोष्टींचे बळ. सोन्याचांदीपेक्षा जेवणेच फार! २०१६ मध्ये संशोधकांनी पावणेतीन लाखांहून जास्त डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि चार औषधांच्या प्रचारासाठी मिळालेली देणी ताडून पाहिली. दर शंभर देण्यांतली पंचाण्णव जेवणे होती आणि जेवणाची सरासरी किंमत वीस डॉलरच्याही आत. तरी ज्याने असे एकच जेवण घेतले तोही त्या कंपनीचे औषध इतरांहून जास्त लिहितो, आणि जेवणे वाढली की चिठ्ठ्याही वाढतात, असे दिसले. इथेही आधी काय आणि मग काय, ही शिक्षकांची शंका शिल्लक राहतेच. पण ‘वीस डॉलरच्या जेवणाने मी का विकला जाणार आहे?’ हे जे कुठलाही सज्जन डॉक्टर मनापासून म्हणतो, ते तितकेसे निर्धास्तपणे म्हणता येत नाही. माणसाचे मन मिठाला जागते. ही त्याची चांगली बाजू आहे आणि कंपन्यांना तीच ठाऊक आहे.

लपवालपवी संपली असेही नाही. साउथ डकोटा राज्यात एका शल्यविशारदाचे स्वतःचे हॉटेल होते. शरीरात बसवायचे औषधपंप करणाऱ्या एका कंपनीने नऊ वर्षांत त्याच्या हॉटेलात शंभराहून अधिक मेजवान्या दिल्या आणि तो त्या कंपनीचे पंप रोग्यांना बसवीत राहिला, असा सरकारचा आरोप होता. २०२० मध्ये कंपनीने ९२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले, त्यांतले ११ लाखांवर केवळ देणी नीट न कळवल्याबद्दल होते.

आणि ज्याच्यासाठी हे सारे, तो रोगी? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आढळले की शंभरांतले पासष्ट अमेरिकन लोक वर्षभरात अशा डॉक्टरकडे गेले होते ज्याने कंपनीचे काही ना काही घेतले होते. आपल्या डॉक्टरने घेतले की नाही हे ठाऊक असणारे मात्र शंभरांत पाच. म्हणजे दार उघडे आहे आणि आत जाणारे थोडे. त्यातही उपयोग आहे, असे मला वाटते. बातमीदार पाहतात, विद्यापीठे पाहतात, आणि आपले नाव तिथे येणार हे डॉक्टरलाही माहीत असते. पण रोग्याच्या हाती ते आपोआप पोचत नाही, हे खरे.

फ्रान्सनेही असा कायदा डिसेंबर २०११ मध्ये केला. तिथे मेदियातोर नावाच्या औषधाने हृदयाच्या झडपा निकामी होऊन माणसे दगावली होती, त्यानंतर जाग आली.

आपल्या देशात वाट निराळी आहे. इथे नोंद ठेवण्याऐवजी आधी बंदी आली. डिसेंबर २००९ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेने आपल्या नियमांत भर घातली की डॉक्टरने औषध कंपनीकडून भेटवस्तू, सहलीचा प्रवास, पाहुणचार किंवा रोख पैसे घ्यायचे नाहीत. बंदी डॉक्टरला, देणाऱ्या कंपनीचे काय? ते अडखळत अडखळत प्राप्तिकराच्या वाटेने पुढे आले. एका कंपनीने आपल्या जस्त आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या डॉक्टरांच्या नजरेत भराव्यात म्हणून सोन्याची नाणी, टेलिव्हिजन, फ्रीज, लॅपटॉप असे बरेच काही वाटले होते, आणि त्यावर झालेला सुमारे पावणेपाच कोटी रुपयांचा खर्च धंद्याचा खर्च म्हणून करातून वजा मागितला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २२ फेब्रुवारी २०२२ रोजी न्यायालयाने सांगितले की जे घेणे डॉक्टरला मना आहे ते देणे कंपनीचा कायदेशीर खर्च ठरू शकत नाही, आणि अशा भेटींची किंमत शेवटी औषधाच्या भावातच मिसळते. म्हणजे फ्रीज डॉक्टरच्या घरी आणि हप्ता तुमच्या-आमच्या बिलात.

मग मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने कंपन्यांसाठी विक्रीची आचारसंहिता नव्याने काढली. भेटवस्तू बंद, कुटुंबासह सहली बंद, फुकट नमुन्यांनाही मर्यादा. त्याच वर्षीच्या डिसेंबरात एका परदेशी कंपनीच्या भारतीय शाखेवर ठपका आला. तिने ३० डॉक्टरांना सौंदर्योपचारांच्या परिषदांसाठी पॅरिस आणि मोनाकोला नेले होते, खर्च १ कोटी ९१ लाख. कंपनीला ताकीद मिळाली, डॉक्टरांबाबत पाहण्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला सांगण्यात आले. पण एखाद्या रोग्याने आपल्या डॉक्टरांचे नाव टाकावे आणि कंपनीने त्यांना काय दिले ते पाहावे, अशी वही आपल्याकडे अजून नाही. डॉक्टरने नियम मोडला असे वाटले तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे लेखी तक्रार करता येते, मात्र त्यासाठी काहीतरी आधी कळलेले असावे लागते, आणि ते रोग्याला कळणार कुठून?

शिक्षक मित्रांनो, तुमच्या शाळेत संगणक असेल आणि इंटरनेट चालत असेल, तर एखाद्या मोकळ्या तासाला मुलांना ती अमेरिकन वही उघडून दाखवा. ती जगात कुठूनही उघडते, पैसे पडत नाहीत. तिकडे गेलेल्या आपल्या जोशी, कुळकर्णी, पाटील मंडळींपैकी पुष्कळ जण डॉक्टर आहेत. आडनाव टाकले की त्यांच्याही नोंदी निघतात. तारीख कोणती, जेवण किती डॉलरचे, कंपनी कोणती आणि त्या दिवशी बोलणे कोणत्या औषधाचे. इंग्रजी आठवीच्या मुलाला समजेल इतके ते सोपे लिहिलेले आहे.